हातोडा बाजूला ठेवण्यासाठी: स्कूटरच्या इंजिनाची घरगुती हत्यारं

चेतक स्कूटरचं मॅग्नेट काढायला बसलेला हौशी कारागीर बहुतेकदा एकाच जागी फसतो. नट फिरवायला घेतला की आधी तो घट्ट लागतो, मग थोडा सैल येतो आणि अचानक पुन्हा घट्ट होतो. इथं धीर सुटतो. आटे गेले असावेत असं वाटून माणूस पाना खाली ठेवतो आणि क्रँकच्या टोकावर हातोडा घालतो. खरं तर नट दुसऱ्यांदा घट्ट लागणं हीच मॅग्नेट निघण्याची खूण असते. व्हेस्पाच्या घराण्यातल्या बहुतेक स्कूटरांत मॅग्नेटच्या तोंडाशी एक गोल लॉक बसवलेलं असतं. सुटत वर येणारा नट आतून त्या लॉकला टेकतो आणि पुढं फिरवत राहिलं की मॅग्नेटलाच निमुळत्या शाफ्टवरून ओढून आणतो. म्हणजे पुलर आतच आहे. बाहेरून लागतो तो चांगला बॉक्स पाना आणि लांब दांडा.

तो हातोड्याचा घाव किती महाग पडतो, हे क्रँकची रचना पाहिली की कळतं. हा क्रँक एका अखंड तुकड्याचा नसतो. दोन जाड चकत्या आणि त्यांच्यामध्ये दाबून बसवलेली पिन, असा तो जुळवलेला असतो. टोकावर फटका बसला की चकत्या एकमेकींपासून केसभर हलतात आणि शाफ्ट वेडावाकडा फिरू लागतो. मग बेअरिंग आवाज करतं, ऑइल सील झिजतं, पॉइंटचा गॅप एका जागी राहत नाही. गाडी कायमची गॅरेजच्या दारात जाते आणि दोष दिला जातो तो जुन्या गाडीला.

घरी हत्यार बनवायचं ते एवढ्यासाठीच. पैसे वाचतात हे खरं, पण तो दुय्यम भाग. इंजिन उघडताना जिथं जिथं हातोडा आणि स्क्रू ड्रायव्हर उचलावासा वाटतो, त्या प्रत्येक जागी हळू आणि सरळ जोर देणारं काहीतरी हाताशी असावं, हा मूळ हेतू.

चेतक १९७२ साली बाजारात आली आणि २००९ साली बजाजनं स्कूटर बनवणंच थांबवायचं ठरवलं. २०२० मध्ये परतलेली चेतक विजेवरची आहे. साताऱ्याच्या महाराष्ट्र स्कूटर्सची प्रिया आणि कानपूरच्या एलएमएलच्या गाड्या याच गोतावळ्यातल्या. १४५.४५ सीसी, ५७ मि.मी. बोअर आणि तेवढाच स्ट्रोक असं चेतकचं टू-स्ट्रोक इंजिन आजही कितीतरी वाड्यांत, बंगल्यांच्या पोर्चमध्ये चालू स्थितीत आहे. सुटे भाग अजून मिळतात, पण कंपनीच्या वर्कशॉपसाठी असलेली खास हत्यारं सहज हाती लागत नाहीत. त्यातली बरीचशी मात्र नट, बोल्ट, पाइप आणि चपटी पट्टी एवढ्याच सामानाची असतात.

सामान गोळा करताना दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली, ज्या बोल्टवर जोर यायचा आहे त्याच्या डोक्यावर ८.८ हा छाप हवा. बिनछापाचा मऊ बोल्ट ताणाखाली आटे सोडतो, आणि दाबलेली स्प्रिंग अशा वेळी तोंडाच्या दिशेनंच सुटते. दुसरी, इंजिनच्या भागाला टेकणारं हत्याराचं टोक त्या भागापेक्षा मऊ असावं. ॲल्युमिनियमच्या पिस्टनला लाकूड किंवा बांबू, पोलादी शाफ्टला पितळ किंवा तांबं. झिजायचंच असेल तर हत्यार झिजू दे. पुण्यात मंगळवार पेठेच्या जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी फेरी मारली तर पितळेच्या सळ्या, जाड वॉशर, पाइपचे तुकडे आणि फेकून दिलेले बेअरिंग किलोच्या भावात मिळतात. इतर गावांत हेच काम लेथवाल्याच्या भंगाराच्या डब्यावर भागतं.

सुरुवात पिस्टन पिन काढायच्या हत्यारापासून करावी, कारण ते बनवायला अर्धा तास पुरतो आणि नुकसान टाळण्यात त्याचा पहिला नंबर. पिन अडकली की लोक एका हातानं पिस्टन धरतात आणि दुसऱ्या हातानं सळई ठोकतात. तो सगळा मार कनेक्टिंग रॉडवर आडवा बसतो. त्याऐवजी पिनच्या पोकळीतून आरपार जाईल असा लांब बोल्ट किंवा आट्यांची सळई घ्यावी. एका बाजूला पिनपेक्षा किंचित लहान व्यासाचा वॉशर आणि नट. दुसऱ्या बाजूला पिन आत मावेल एवढ्या पाइपचा तुकडा, त्यावर मोठा वॉशर आणि नट. पाइपचं पिस्टनला टेकणारं तोंड कानशीनं पिस्टनच्या गोलाईला जुळेल असं घासावं आणि त्यावर जुन्या ट्यूबच्या रबराची चकती चिकटवावी. पिनची दोन्ही लॉकं आधी काढून घ्यावीत. नट फिरवत गेलं की पिन गुपचूप पाइपमध्ये येते. आट्यांना ग्रीस लावायला विसरू नये.

सिलिंडर परत बसवताना तिसरा हात हवा असतो. तो लाकडाचा करता येतो: सागाची किंवा कुठल्याही कठीण लाकडाची फळी घेऊन तिला इंग्रजी यू आकाराची खाच पाडायची. खाच कनेक्टिंग रॉडच्या दोन्ही बाजूंना बसते, फळी इंजिनच्या तोंडावर टेकते आणि पिस्टन तिच्यावर सरळ उभा राहतो. मग दोन्ही हात रिंगा दाबायला मोकळे. रिंगेची फट खोबणीतल्या बारीक खुंटीवर आलीये ना, हे इथंच डोळे फाडून पाहावं. खुंटी चुकवून सिलिंडर रेटला तर रिंग तुटते, आणि तुटलेला तुकडा सिलिंडरला ओरखडे पाडून मगच बाहेर येतो.

कार्बन खरवडायला स्क्रू ड्रायव्हर नको. बांबूची चपटी कामटी पटाशीसारखी तासून घ्यावी. जेटमधला कचरा काढायला सुई किंवा पोलादी तारही नको. जेट पितळेचं असतं आणि त्याच्या भोकाचा आकार हेच त्याचं काम. विजेच्या लवचीक वायरमधली तांब्याची एक बारीक तार पुरते.

आता क्रँक अडकवून धरण्याचा प्रश्न. मॅग्नेटचा किंवा क्लचचा नट सोडताना क्रँक फिरता कामा नये, म्हणून पंख्याच्या पात्यांत स्क्रू ड्रायव्हर खुपसण्याची एक वाईट सवय सगळीकडे आहे. पातं तुटतं, मॅग्नेटचा तोल जातो. त्यापेक्षा प्लगच्या भोकातून दोरी सोडावी. पाच-सहा मि.मी. जाडीची विणलेली, धागे न सुटणारी दोरी घ्यायची आणि बाहेरच्या टोकाला गाठ मारायची. नट ज्या दिशेनं सोडायचा त्याच दिशेनं क्रँक फिरवल्यावर पिस्टन वर येत असला पाहिजे. पिस्टन धावेच्या वरच्या अर्ध्या भागात आला, म्हणजे खालचे पोर्ट झाकले गेले, की दोरी आत भरावी. आधी भरली तर तिचा पीळ पोर्टमध्ये शिरतो आणि पिस्टनच्या कडेखाली चिरडतो. दोरी पिस्टनच्या माथ्यावर पसरून दाब वाटून घेते. नट सुटला की क्रँक उलटा फिरवून दोरी ओढून घ्यायची.

दोरी धरते, पण मोजत नाही. पिस्टन नेमका कुठं आहे हे मोजण्यासाठी जुना प्लग कामाला येतो. चेतकचा प्लग १४ मि.मी. आट्यांचा. तो फडक्यात गुंडाळून, डोळ्यांना चष्मा लावून, आतली चिनी माती फोडून काढावी. उरलेल्या पोलादी कवचात ८.५ मि.मी. ड्रिल चालवून १० मि.मी.चे आटे पाडावेत आणि त्यात टोक गोलसर घासलेला बोल्ट बसवावा. बोल्टच्या अंगाला कानशीनं एक लांब खाच पाडली तर दाबलेली हवा निघून जाते. हा झाला पिस्टन थांबवणारा खुंट. मात्र तो हातानं हळू फिरवण्यासाठीच. प्लगचं भोक तिरकं असतं, त्यामुळं खुंट पिस्टनला कोपऱ्यात टेकतो. त्याच्या भरवशावर नट सोडायला गेलं तर पिस्टनला भोक पडू शकतं.

याचा जोडीदार म्हणजे जुनी सीडी. तिचा व्यास १२० मि.मी., म्हणजे परिघ ३७७ मि.मी. एक अंश साधारण १.०५ मि.मी.चा पडतो. त्यामुळं ३७७ मि.मी. लांब कागदी पट्टीचे ३६ समान भाग केले की प्रत्येक भाग १० अंशांचा होतो. पट्टी कडेला चिकटवली की अंश मोजणारी तबकडी तयार. ती मॅग्नेटच्या नटाखाली वॉशर घालून बसवावी. सायकलच्या स्पोकचा काटा इंजिनच्या एखाद्या बोल्टखाली अडकवावा. क्रँक एका दिशेनं फिरवून पिस्टन खुंटाला टेकला की आकडा लिहायचा, मग उलट दिशेनं फिरवून दुसरा. दोन्हींचा बरोबर मध्य म्हणजे पिस्टनचा सर्वांत वरचा बिंदू. पिस्टन त्या टोकाला क्षणभर रेंगाळतो, म्हणून डोळ्यानं किंवा प्लगच्या भोकात सळई घालून हा बिंदू नेमका कधीच सापडत नाही.

या मध्यापासून गाडीच्या पुस्तिकेत ठिणगीसाठी दिलेले अंश इंजिन फिरण्याच्या दिशेच्या अलीकडे मोजून मॅग्नेटवर आणि केसवर बारीक खुणा कराव्यात. मग सीडी आणि खुंट दोन्ही काढावेत. पॉइंटच्या फटीत पतंगाच्या कागदाची पट्टी धरून मॅग्नेट हळू फिरवलं की पॉइंट उघडताक्षणी कागद सुटतो. खुणा त्याच वेळी जुळल्या तर टायमिंग बरोबर. त्याआधी पॉइंटचा गॅप फीलर गेजनं लावून घ्यायचा. हे गेज मात्र विकतच आणावं. ब्लेड मोजून गॅप लावण्याचे सल्ले पुष्कळ मिळतात, ते कानाआड केलेले बरे.

क्लचसाठी मागचं चाक काढून झाकण उघडलं की आत खाचांचा गोल नट दिसतो. त्याचा पाना बाजारात शोधण्यापेक्षा बनवणं सोपं. नटावर कागद ठेवून शिसपेन्सिलीनं घासलं की खाचांचा ठसा उमटतो. तो ठसा जाड भिंतीच्या पाइपच्या किंवा जुन्या बॉक्स पान्याच्या तोंडावर चिकटवावा. खाचांत जाणारे दात तेवढे ठेवून मधला भाग हॅक्सॉनं कापायचा आणि कानशीनं जुळवायचा. दात सैल बसत असतील तर तो तुकडा टाकून नवा करावा. घसरणारा पाना नट कायमचा खराब करतो, आणि मग छिन्नीशिवाय मार्ग उरत नाही. नटाखालच्या लॉक वॉशरचा वाकवलेला कान आधी सरळ करायचा, हे सांगण्यासारखं नाही खरं. पण गॅरेजमध्ये चिरलेले वॉशर पाहिले की सांगावंसं वाटतं.

क्लच बाहेर आल्यावर प्लेटा बदलायला त्याच्या स्प्रिंगा दाबाव्या लागतात. त्यासाठी ८.८ छापाचा १२ मि.मी. बोल्ट, क्लचच्या मागच्या अंगाला टेकणारी एक जाड चकती आणि वरून आतल्या भागाला दाबणारी दुसरी. नट आवळत गेलं की सगळ्या स्प्रिंगा एकदम आणि सारख्या बसतात. गोल लॉक सैल पडलं की ते काढायचं आणि नट हळूहळू सोडायचा. दोन माणसांनी गुडघ्यानं क्लच दाबून तिसऱ्यानं लॉक काढण्याची पद्धतही प्रचलित आहे. त्या लॉकला उडताना दिशा नसते.

बेअरिंगचं प्रकरण याहून नाजूक, पण त्याचं उत्तम हत्यार म्हणजे तापमान. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. बेअरिंगचा बाहेरचा व्यास ६२ मि.मी. धरू. केस ३० अंशांवरून १०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवली तर भोक साधारण ०.१ मि.मी. मोठं होतं. त्यातच बेअरिंग पिशवीत गुंडाळून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवलं असेल तर तेही ०.०३ मि.मी.च्या आसपास आकसलेलं असतं. एवढ्या फटीत ते बोटांनी आत जातं. केस आधी धुऊन पुरी कोरडी करावी, पेट्रोलचा वास राहता कामा नये. रबरी सील त्याआधी काढून घ्यावीत. मग केस विजेच्या शेगडीवर पत्रा ठेवून सावकाश तापवावी. पाण्याचा थेंब टाकल्यावर चरचरून उडाला की पुरे. गॅसची ज्योत एकाच जागी धरली तर केस वाकते.

शेवटचा दाब द्यायची वेळ आलीच तर जुन्या बेअरिंगची बाहेरची रिंग वापरावी. ग्राइंडरवर ती परिघानं थोडी कमी केली की भोकात अडकत नाही आणि नव्या बेअरिंगच्या बाहेरच्या रिंगेलाच टेकते. शाफ्टवर बसवताना उलट: आतल्या रिंगेवर बसेल असा पाइपचा तुकडा. दाब गोळ्यांतून गेला की त्या आपल्या वाटेवर बारीक खड्डे पाडतात आणि नवं बेअरिंग पहिल्या दिवसापासून गुणगुणतं.

या सगळ्या संग्रहात सर्वांत उपयोगी हत्यार मात्र मेडिकलच्या दुकानातून येतं. रक्तदाब मोजायच्या डायलच्या यंत्राचा रबरी फुगा आणि काटा घेऊन टू-स्ट्रोक इंजिनाची हवाबंदी तपासता येते. पाऱ्याचं यंत्र या कामाला नको, काट्याचंच हवं. डायल ३०० मि.मी. पाऱ्यापर्यंत असते आणि आपल्याला २५०च्या आसपास, म्हणजे जेमतेम पाच पौंड दाब लागतो. त्याहून जास्त दिला तर धडधाकट सीलही जागेवरून निघू शकतं.

सायलेन्सर काढून सिलिंडरच्या नळकांड्यात लाकडी गट्टू बसवावा, त्यावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवून होज क्लिप आवळावी. कार्बोरेटर काढून त्याच्या जागी ट्यूबचं रबर आणि वर ॲल्युमिनियमची पट्टी आवळावी. पिस्टन सर्वांत खाली आणावा, म्हणजे ट्रान्सफर पोर्ट उघडून सिलिंडर आणि क्रँकची खोली एक होते. आणखी एक जुना प्लग पोकळ करून त्याला पितळी निपल बसवलं की फुग्याची नळी त्यावर चढते. दाब भरून काटा पाहत बसायचं. मिनिटभरात काटा ५०हून जास्त उतरला तर हवा कुठून तरी जाते आहे.

कुठून, ते साबणाच्या पाण्यानं कळतं. मॅग्नेट आणि त्यामागची प्लेट काढून तिथल्या सीलवर ब्रश फिरवावा. फुगे आले तर इंजिन तिथून बाहेरची हवा ओढत होतं. मिश्रण त्यामुळं पातळ होतं, इंजिन तापतं आणि एखाद्या घाटात पिस्टन जाम होतो. दुसरं सील क्लचच्या बाजूला. ते पाहण्यासाठी गिअर ऑइल भरायचं भोक उघडून त्यावर साबणाचा पडदा धरावा. तो फुगला तर गिअर ऑइल इंजिनात जळत होतं. पांढरा धूर आणि महिन्या-दोन महिन्यांनी कमी होणारं ऑइल यांचं उत्तर मिळालं. इंजिन पूर्ण खोलायचं की नाही, हे या एका चाचणीवर ठरवता येतं. कार्बोरेटरचे स्क्रू फिरवण्यात जाणारे कित्येक रविवार तिनं वाचतात.

बिनगिअरच्या स्कूटरला यातलं थोडंच लागू पडतं. ॲक्टिव्हा किंवा तिच्यासारख्या फोर-स्ट्रोक गाडीत प्लगच्या भोकात बोल्टचा खुंट घालू नये. आत व्हॉल्व्ह असतात, शिवाय प्लग १० मि.मी.चा. तिथं खरी गरज पडते ती मागच्या क्लचची बाहेरची वाटी धरण्याची. वाटीला भोकं असतात. जाड चपट्या पट्टीवर त्या भोकांच्या अंतरावर दोन बोल्ट वेल्ड केले की पकड तयार झाली. वाटी निघाल्यावर आतला मोठा पातळ नट हौसेनं सोडू नये. त्याच्यामागं दाबलेली लांब स्प्रिंग असते. दोन जाड प्लायवुड फळ्यांमध्ये ती सगळी जोडणी धरून, कडेनं दोन आट्यांच्या सळयांनी आवळून मगच नट काढावा. वरच्या फळीला पाना जाईल एवढं भोक हवं. नट सुटल्यावर सळयांचे नट आळीपाळीनं सैल करायचे.

वेल्डिंगसाठी पाइप निवडताना गॅल्व्हनाइज्ड पाइप टाळावा. त्यावरचं जस्त जळून निघणारा पांढरा धूर छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो. वेल्डरला हे ठाऊक असतं, पण गिऱ्हाईक घाईत असलं की तो गप्प राहतो.

इंजिन मिटवताना टॉर्क पान्याचा प्रश्न येतो. तो घेता आला तर उत्तम. नाहीतर प्रवासाच्या बॅगा तोलायचा हुकाचा डिजिटल काटा घ्यावा. नटाच्या मध्यापासून पाव मीटर अंतरावर पान्याच्या दांड्याला खाच करून काटा तिथं अडकवावा आणि पान्याला काटकोनात ओढावा. किलो गुणिले मीटर, एवढाच हिशेब. आठ किलो ओढ आली की दोन किलोग्रॅम-मीटर, म्हणजे सुमारे २० न्यूटन-मीटर. जुन्या पुस्तिकांत आकडे बहुधा किलोग्रॅम-मीटरमध्येच असतात, त्यामुळं रूपांतराची कटकट नाही. हेडचे नट एकमेकांसमोरचे घ्यावेत आणि दोन फेऱ्यांत आवळावेत: पहिली अर्ध्या ओढीची, दुसरी पुऱ्या ओढीची. ओढ सावकाश वाढवायची, झटका दिला तर काटा खोटा आकडा दाखवतो.